दोन दहाचं परमिट

"म्याडम, त्ये पानी नका पिऊ!"

तांब्या माझ्या ओठांपर्यंत गेला होता. एप्रिलची दुपार, तालुक्यापासून चौदा किलोमीटर स्कूटर हाकत आले होते, घशाला कोरड पडली होती आणि उंबऱ्यावर कुणीतरी आयताच तांब्या भरून ठेवलेला, शेजारी बशीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायची रीत आहे आमच्याकडे. मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलंय. वाकून उचलला, तर प्रयागबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"तुम्हाला माठातलं देते. ह्ये शेषेरावभाऊचं हाय."

"कोण शेषेराव? पाहुणे आलेत का?"

"यायचेत," त्या म्हणाल्या. तांब्या जिथं होता तिथंच नेमका ठेवला, बशीतला खडा मधोमध सरकवला आणि मला आत घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. मी भूल देणारी डॉक्टर. तालुक्याला सर्जन तीन आणि भूल देणारी मी एकटी, त्यामुळे या थिएटरातून त्या थिएटरात दिवसभर माझी वरात चाललेली असे. माणसाला झोपवणं फारसं अवघड नसतं. त्याला परत उठवणं ही माझी खरी विद्या, आणि तिची मला त्या काळात बऱ्यापैकी घमेंड होती. श्वासाच्या मशीनमधलंही मलाच काय ते कळायचं, म्हणून हिवरतळ्याच्या उत्तरेश्वर गिरामांना आठवड्यातून एकदा बघायला जायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. एरवी सकाळीच जाऊन यायचे; भर दुपारी त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते.

गिराम गावाजवळच्या सबस्टेशनवर तीस वर्षं आपरेटर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खा गाव त्यांना आपरेटरच म्हणे. मूलबाळ नव्हतं. ते आणि प्रयागबाई, नवरा-बायको दोघंच, गावाबाहेर शेताच्या कडेला घर बांधून राहिलेले. तिथंच त्यांना तो आजार झाला, स्नायू एकेक करून मरत जाण्याचा. आधी हात गेले, मग पाय, आता पाळी छातीची होती. डोकं मात्र लख्ख. नाकातोंडावर मास्क बांधलेला, उशाशी मशीन, ती हवा आत ढकलायची म्हणून ते जगत होते. मास्क काढला तर पाच-सात मिनिटं बोलता येई. त्याच्यापुढे ओठ निळे पडत. आणि मास्क काढायला स्वतःचा हात चालत नव्हता. हा आजार बरा होत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, त्यातले चार सरले होते.

दोनच्या ठोक्याला लाइट गेली. रोजचंच होतं ते, भारनियमन. पंखा थांबला, मशीन इन्व्हर्टरवर गेली आणि खोलीत तिचा तेवढा आवाज उरला. मी छाती तपासली, मशीनचे आकडे पाहिले. आपरेटरांनी डोळ्यांनी खूण केली, मास्क काढा. प्रयागबाईंनी पट्टे सोडवले.

"म्याडम," ते म्हणाले. आवाज जाडा, पण शब्द कळत होते. "मला परमिट पायजे."

"कसलं परमिट?"

"लाइनवर मानूस चढायचा आसंल, तर त्यानं आपरेटरकडनं परमिट घ्यायचं." ते थांबून थांबून बोलत होते. "आपरेटरनं लाइन बंद करायची. कागदावर येळ लिवायची. सही करायची. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच परत करायचं. त्याचा बाप आला, भाऊ आला, साहेब आला, तरी घ्यायचं न्हाई. आन् परत आल्याबिगर लाइन सोडायची न्हाई."

"बरं. मग?"

"माझी लाइन बंद करा." त्यांनी मशीनकडे बघितलं. "माझ्यानं हँडल वढवत न्हाई. पर चोरून नको. सहीनिशी."

मी प्रयागबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा होता. म्हणजे हे बोलणं घरात झालेलं होतं. उशीखालून त्यांनी एक जुनं, कडा कुरतडलेलं पुस्तक काढलं. आपरेटरच्या नोकरीतलं परमिटबुक. शेवटचं एकच पान उरलं होतं आणि ते प्रयागबाईंच्या गिरगोट्या अक्षरात भरलेलं होतं. लाइनचं नाव: उत्तरेश्वर गिराम. कारण: काम संपले. बंद केल्याची वेळ, मोकळी. देणाऱ्याची सही, मोकळी. परत केल्याची वेळ, मोकळी.

मला खरं सांगायचं तर रागच आला. "आपरेटर, मी लोकांना झोपवते ती उठवण्यासाठी. हे माझ्याकडे मागू नका. शिवाय कायदा आहे."

"म्हणूनच मागायलोय. कायदा बगा. मंग सांगा."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावरून निघून खिडकीबाहेर गेली. खाट मुद्दाम खिडकीला लावून मांडलेली होती. बाहेर नांगरून पडलेलं रान, आणि रानात विजेचा एक खांब. त्यांचे डोळे खांबाच्या टोकावर गेले. तिथून हळूहळू खाली आले. मग रानातून, पायवाटेनं, अंगणातून, दाराशी येऊन थांबले. एवढ्या संथपणे, की मीसुद्धा दाराकडे वळून बघितलं. दारात ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

प्रयागबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाट देण्यासाठी सरकावं तशा भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"या भाऊ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घाईघाईनं मास्क परत बांधला. पिशवी उचलली आणि निघाले. निघताना उंबरा ओलांडायला मला जड गेलं. तांब्याला वळसा घालून, अंग चोरून बाहेर पडले, जणू तिथं कुणी बसलं होतं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. माझा थोरला भाऊ, औरंगाबादला हायकोर्टात वकिली करतो. सगळं सांगितलं, तांब्याचं तेवढं गाळलं. तो हसला असता.

"माणूस शुद्धीत आहे?" त्यानं विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त."

"सुई देऊन मारलंस तर सरळ गुन्हा, त्यात बोलायलाच जागा नाही. मशीन काढायचं म्हणत असशील, तर सुप्रीम कोर्टाच्या दोन वर्षांपूर्वीच्या निकालाप्रमाणे हायकोर्टात अर्ज करावा लागेल. कोर्ट डॉक्टर नेमणार, ते तपासणार, मग काय तो आदेश."

"किती दिवस लागतील?"

"तारखांचं तुला काय सांगू?"

"त्यांच्याकडे दोन महिने आहेत, दादा."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणून गेला आणि लगेच ओशाळला. "हे बघ मृणाल, फोनवरसुद्धा हो म्हणू नकोस. बायकोनं आपल्या मनानं मास्क काढला तर तिच्यावर खुनाचा गुन्हा येऊ शकतो. तू सांगितलंस म्हणून काढला, तर तुझ्यावर. दवाखाना, नाव, सगळं जाईल. कळलं?"

कळलं होतं. न कळायला काय झालं.

दुसऱ्या दिवशी आठवडा झालेला नव्हता तरी मी पुन्हा गेले. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, एवढा माझा ताठा शाबूत होता. आपरेटर झोप लागत नाही म्हणत होते म्हणून हलक्या गोळ्यांची एक पट्टीही घेतली होती. उंबऱ्यावर तांब्या होताच. या खेपेला मी त्याला हातसुद्धा लावला नाही.

"हायकोर्टात अर्ज करू," मी म्हटलं. "भाऊ फुकट लढवेल. पण वेळ लागेल."

आपरेटर डोळ्यांनी हसले. दोन वाजले, लाइट गेली. प्रयागबाई शेळीला पाणी दाखवायला परसात गेल्या. मास्क मीच सोडवला.

"तुम्हाला शेषेरावचं सांगतो," ते म्हणाले. "शेषेराव लाइनमन. माझ्या जोडीचा. आठ्ठ्याण्णव साल. ह्याच खांबावर चढला व्हता, माझ्याकडनं परमिट घिऊन."

"आणि?"

"सबस्टेशनात गावचे लोक येऊन बसले. पिकं वाळायलीत, किती येळ लावता, म्हनले. शिव्या द्यायले. मी म्हनलं, उतरला आसंल. एवढा येळ कुनी खांबावर ऱ्हातंय व्हय? हँडल वर केलं, लाइन सोडली. त्यो वरच व्हता."

मशीन रिकाम्या मास्कमध्ये हवा फुंकत होती. मी मास्क त्यांच्या तोंडाशी नेला. चार श्वास घेऊन त्यांनी मान बाजूला केली.

"पण तुम्ही तर सुटलात," मी म्हटलं. आदल्या दिवशी परतताना गावात शेषेरावची चौकशी केली होती, तेव्हा ही गोष्ट कळली होती. "त्यानं फोन करून परमिट परत केलं होतं ना? आणि मग काही राहिलं म्हणून पुन्हा चढला."

"रजिस्टरात तसं हाय. दोन दहा, शेषेरावचा फोन, परमिट परत." ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "फोन आलाच न्हाई, म्याडम. मी मागून लिवलं."

मी परसाकडे बघितलं. प्रयागबाई अजून शेळीपाशीच होत्या.

"चौकशीत सगळी चूक त्याच्या माथी गेली. त्याची बायको म्होरं हुभी व्हती. मी मान हलवली. व्हय, आला व्हता फोन." त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, ते पुसायला त्यांना हात नव्हता. मी पुसलं. "त्याचं परमिट त्याच्या खिशातच ऱ्हायलं. म्हनून त्यो रोज येतो. परत करायला. आधी मला दिसायचा न्हाई. हात गेले तव्हापासनं दिसतो. दारात हुभा ऱ्हातो, कागद म्होरं करतो. मी घिऊ कसा? हात कुठंयत मला?"

"आपरेटर, हे आजारानं होतं. शरीरात हवा कमी पडली की..."

"आसंल. तरी त्यो खाली कव्हा उतरायचा? मलाच जायला पायजे तिकडं. जाऊन घ्यायला पायजे."

त्यांची नजर खांबावर गेली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. दोन दहा.

त्याच क्षणी माझा मोबाइल वाजला. नंबर दिसत नव्हता. कानाला लावला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता घूं असा आवाज, मोठ्या तारांखाली उभं राहिलं की ऐकू येतो तसला, आणि त्याच्यामागे कुणीतरी बोलायच्या आधी घेतलेला श्वास. मी हॅलो हॅलो करून ठेवून दिला.

"रेंज नसते तुमच्याकडे," मी म्हटलं.

"तव्हा करायचा ऱ्हायला व्हता," आपरेटर म्हणाले. "आता करतो."

मी हसण्याचा प्रयत्न केला. नंतर लक्षात आलं, त्या वेळी अख्ख्या पंचक्रोशीत तारांमध्ये वीज नव्हती. घुमायला काही नव्हतंच.

मी मास्क बांधायला घेतला तर त्यांनी पुन्हा मान बाजूला केली. "एक द्या. सही नको. नुसता शब्द द्या. आमी लाइनमनसंगं शब्द ठरवायचो. फोनवर त्यो शब्द आला तरच खरं. म्हंजे दुसऱ्या कुनाच्या सांगण्यावर लाइन हालायची न्हाई."

"मी फोनवर काहीही सांगणार नाही."

"नका सांगू. ठरवून तर ठिवा. तुमच्याच मनातला. म्हंजे मला वाटंल, येक दार हाय. उघडत न्हाई, पर हाय."

ओठ निळे व्हायला लागले होते. मला त्यांचा मास्क बांधायचा होता आणि त्यांना तो शब्द हवा होता. पडत्या माणसाशी कोण घासाघीस करतं? मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "तेरडा." माझ्या माहेरच्या अंगणात श्रावणात तेरडा फुलायचा. मनात आधी आला तो शब्द तोच.

त्यांनी डोळे मिटले. मी पट्टे आवळले. प्रयागबाई परसातून हात पुसत आत आल्या, त्यांना गोळ्यांची पट्टी दिली. "झोप नाही लागली तर एक द्या. जास्त नको." निघताना म्हटलं, "उद्या दुपारी येते. काय ते नक्की सांगते."

काय सांगायचं ते ठरलेलंच होतं माझं. नाही. शब्द तेवढा उगीच देऊन बसले, याची चुटपुट वाटत होती, पण एका शब्दानं काय होणार होतं?

तिसऱ्या दिवशी मी हिवरतळ्याला वेळेवर पोचलेच नाही. सकाळपासून अडलेली एक बाळंतीण होती, तिचं सिझेरियन ऐन वेळी निघालं. पावणेदोनला मी थिएटरात गेले. फोन बंद करून पर्समध्ये, पर्स कपाटात. पाठीत सुई दिली, औषध चढलं, सगळं बिनबोभाट झालं. मुलगी झाली. जन्मतःच खणखणीत रडली. भुलीच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलं, बाळाची वेळ, दोन दहा. लिहून झाल्यावर तो आकडा पुन्हा एकदा वाचला, पण काम पुढे होतं.

अडीचनंतर बाहेर आले, फोन चालू केला, तो लगेच वाजला. हिवरतळ्याचे पोलीस पाटील अंगदराव.

"म्याडम, आपरेटर गेले. काकूनं मास्क काढला. म्हनती, डाक्टरीणबाईनं फोन करून सांगितलं. लगोलग या. मी अजून कुनाला कळवलेलं न्हाई."

स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. उन्हाच्या लाटा रस्त्यावर हलत होत्या आणि डोक्यात दादाचा आवाज. दवाखाना, नाव, सगळं.

उंबऱ्यावर तांब्या पालथा पडलेला होता. फरशी कोरडी ठणठणीत होती. बशी रिकामी.

आत आपरेटर खाटेवर तसेच होते, तोंडावर मास्क नव्हता. चार महिने ज्या चेहऱ्याला मी पट्ट्यांच्या वळांसकट बघत आले, तो मोकळा दिसत होता. मशीन बंद केलेली. प्रयागबाई खाली भिंतीशी बसल्या होत्या, रडत नव्हत्या. अंगदराव दाराबाहेर खुर्चीत, मांडीवर वही.

मी प्रयागबाईंजवळ बसले. "काय झालं, प्रयागबाई?"

"तुम्हीच की," त्या आश्चर्यानं म्हणाल्या. "येक वाजता त्यास्नी गोळी दिली, झोप लागंना म्हनून. मंग दोन दहाला तुमचा फोन आला. तुम्ही म्हनलाव, तेरडा. म्या म्हनलं, आं? तर पुन्हा म्हनलाव, तेरडा, आपरेटरला सांगा. म्या सांगितलं. त्यास्नी लई बरं वाटलं बगा. डोळ्यानं म्हनले, काढ. तुम्हीबी म्हनलाव, काढा आता, भिऊ नका."

"मी?"

"तुमचाच आवाज. न्हाईतर म्या हात लावते व्हय?" त्या थोड्या थांबल्या. "तुमच्यामागं लेकरू रडत व्हतं. नुकतं झाल्यावानी."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. उन्हाळ्यात, तीन वाजता.

"त्रास झाला का त्यांना?" एवढंच मी विचारू शकले.

"न्हाई. गोळीनं गुंगीतच व्हते. डोळे उघडले, खांबाकडं बगितलं, वरनं खाली. मंग दाराकडं. हसले. 'उतरला' म्हनले. संपलं."

खाटेच्या कडेला प्रयागबाईंचा फोन पडला होता, बटणांचा साधा. मी उचलला, जणू सहज. आलेल्या फोनांची यादी काढली. शेवटचा फोन आदल्या दिवशी सकाळचा, गावातल्याच कुणाचा. त्या दिवशी, दोन दहाला, काहीच नव्हतं. मी फोन पालथा ठेवून दिला.

शब्द त्यांनीच तिला सांगितला असेल, असं मी तेव्हाच स्वतःला सांगून टाकलं. नवरा-बायकोत काय चोरी. तिला त्यांचे हाल बघवेनात, आणि आपरेटरची बायको ती. परमिटशिवाय हँडल ओढायचं नाही हे तीस वर्षं ऐकलेलं, म्हणून मनानं फोन रचला असेल. सगळं बसत होतं. पण ते रडणारं लेकरू कुठून आणलं तिनं?

अंगदराव आत आले. भला माणूस, पण पोलीस पाटील. "म्याडम, मला येकच इचारायचंय. काकू म्हनती तुम्ही फोन केला. तसं आसंल तर डाक्टरच्या सांगण्यावरनं झालं, माझं काम संपलं. तसं नसंल, तर मला ठाण्यात कळवावं लागंल. पुढचं माझ्या हातात न्हाई." त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "केला व्हता का फोन?"

प्रयागबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, तेच मला सहन होईना. त्यांना काही शंकाच नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, असं काय करता म्याडम, तुम्हीच नव्हता का? आणि मग ठाणं, पंचनामा, साठीतल्या त्या बाईला हातकड्या. एक शब्द खरा बोलायचा होता मला. फोन मी केला नव्हता. थिएटरात सहा माणसं साक्षीला होती.

"हो," मी म्हटलं. "दोन दहाला. मीच केला होता."

अंगदरावांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "आजारी मानूस व्हता," ते म्हणाले. "सर्टिफिकेट लिवा तुम्ही. म्या मानसं बोलावतो." वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

मी दाखला लिहिला. आजाराचं नाव, श्वसन बंद पडल्याने मृत्यू, वेळ दोन दहा. त्यात खोटं काही नव्हतं. ते झाल्यावर उशीखालून परमिटबुक ओढलं आणि शेवटच्या पानावर, बंद केल्याची वेळ या रकान्यात, पुन्हा लिहिलं, २.१०. खाली सही केली. मृणाल उमाटे. शाई वाळेपर्यंत बघत राहिले. सगळं होऊन गेल्यावर लिहीत होते मी, मागून, आपरेटरांनी लिहिलं होतं तसंच.

पान फाडून प्रयागबाईंना द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "त्ये तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. घेनाऱ्याचा कागद घेनाऱ्यासंगं जातो, देनाऱ्याचा देनाऱ्याजवळ ऱ्हातो."

पाच वर्षांनी सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल आला. सकाळी वर्तमानपत्र उघडायच्या आत दादाचा फोन. आता आधीच लिहून ठेवता येतं, म्हणाला, शुद्धीत असताना, साक्षीदारांच्या सह्यांनी. मशीन नको असेल तर तसं. डॉक्टरांची समिती बसेल, पण रस्ता झाला. तुझ्या त्या आपरेटरला उपयोग झाला असता बघ. पुढे त्यातल्या अटीही थोड्या सैल झाल्या. मी आता पेशंटना समजावून सांगते, लिहून ठेवा म्हणते. कुणी ऐकतात, कुणी, म्याडम काय अशुभ बोलता, म्हणतात. सुई देणं आजही गुन्हाच आहे, आणि त्यावर काय बोलायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रयागबाई गेल्या वर्षी गेल्या, झोपेत. शेवटपर्यंत भेटल्या की हात धरून म्हणायच्या, तुम्ही फोन केलाव म्हनून त्यांची सुटका झाली. मी दरवेळी मान हलवत आले.

ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोन रकाने भरलेले, तिसरा मोकळा. परत केल्याची वेळ. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच येऊन परत करायचं असतं, दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं नसतं. तो नियम मला ज्यांनी सांगितला त्यांनी एकदाच मोडला होता, आणि त्याची किंमत मी बघितलेली आहे.

म्हणून रोज दोन वाजता दवाखान्याच्या उंबऱ्यावर मी पाण्याचा तांब्या भरून ठेवते, बशीत गुळाचा खडा. नव्या सिस्टरला वाटतं चिमण्यांसाठी. परवा एक पेशंट उन्हातून आला आणि त्यानं तांब्याला हात घातला, तर माझ्या तोंडून ओरडाच निघाला. मग त्याला माठातलं दिलं. दोन दहा होतात, मी खुर्चीत बसून दाराकडे बघते. अजून कुणी आलेलं नाही. आपरेटर आले की मी आधी त्यांचा कागद परत घेईन, वेळ लिहीन. आणि मग त्यांना सांगेन, की तो फोन मी केला नव्हता, आणि करायला हवा होता.